करन्सी ट्रेडिंग : ५० हजारांच्या भांडवलावर परवडतं का?

दादर_पूर्व
ठाणे, डोंबिवली, दादर, कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, 'फॉरेक्स शिका'ची पाटी दिसतेच. शिकायला जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे भांडवल ४०-५० हजारांचं, दिवसा नोकरी आणि मोकळा वेळ संध्याकाळी सातनंतरचा. अशा माणसाला करन्सी ट्रेडिंग परवडतं का, एवढाच प्रश्न आहे. एनएसईवरचे (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) डॉलर-रुपया फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आज बांधणारे करार) आणि परदेशी अ‍ॅपवरचं फॉरेक्स, दोन्हींबद्दल लिहा. क्लासची जाहिरात नको. 'सगळा जुगार आहे' एवढंच लिहून थांबूही नका. आकडे हवेत.

हिशेबनीस
एका लॉटचा, म्हणजे सौद्याच्या सर्वात लहान मापाचा, हिशेब मांडतो, कारण क्लासमध्ये नेमकी तिथेच घाई होते.

एनएसईवर डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा. भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे ०.००२५ रुपये. एका टिकला, म्हणजे एवढ्या चालीला, लॉटमागे अडीच रुपये. समजा भाव ८५ आहे. कराराचं मूल्य झालं ८५,००० आणि मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत) साधारण दोन-अडीच टक्के, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. 'दोन हजारांत ८५ हजारांचा सौदा' असं जे सांगतात ते यावरून.

आता ८५.१००० ला घेतला, ८५.१५०० ला विकला. ५ पैसे सुटले, म्हणजे ५० रुपये. डिस्काउंट ब्रोकरची दलाली बहुतेक ठिकाणी ऑर्डरमागे २० रुपये किंवा उलाढालीच्या ०.०३ टक्के, यांतलं जे कमी ते. ८५ हजारांचे ०.०३ टक्के साडेपंचवीस होतात, म्हणून २० लागतात. घेताना-विकताना मिळून ४०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७ रुपये २० पैसे. एक्स्चेंज शुल्क, सेबीचं शुल्क, मुद्रांक शुल्क मिळून रुपयाच्या आतबाहेर. एसटीटी (शेअर-व्यवहारांवरचा कर) करन्सीला लागत नाही. बेरीज ४८ रुपये. पन्नासातले दोन उरले.

घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या भावात एक पैशाचं अंतर असेल तर तिथे आणखी १० रुपये गेले. म्हणजे एका लॉटला सहा पैसे आपल्या बाजूने हलल्यावर खातं शून्यावर येतं. शांत दिवसांत रुपया दिवसभरात दहा-पंधरा पैशांत फिरतो. त्यातले सहा खर्चात गेले तर बाकी काय उरतं ते तुम्हीच बघा.

यावर क्लासवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं : लॉट वाढवा, दलाली ऑर्डरमागे आहे. खरं आहे. १० लॉटला दलाली ४०च राहते आणि लॉटमागचा खर्च पाच-सहा रुपयांवर येतो. पण आता तुमच्याकडे साडेआठ लाखांचा सौदा आहे आणि खात्यात ५० हजार. भाव २५ पैसे उलटा गेला की २,५०० गेले, भांडवलाचे ५ टक्के. एक रुपया उलटा गेला की १०,००० गेले, २० टक्के. लॉट एक असेल तर खर्च खातो, दहा असतील तर जोखीम खाते. ५० हजारांत या दोन्हींच्या मधली सुखाची जागा सापडत नाही. जाहिराती काहीही म्हणोत, अडचण मुळात इथे आहे.

मुलुंडकर
उत्तम मांडणी. यात फ्युचरचा प्रीमियम धरायला हवा. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त, म्हणून पुढच्या महिन्याचा डॉलर आजच्या भावापेक्षा महाग असतो. वर्षाला २ टक्के फरक धरला तर ८५ च्या भावावर महिन्याला सुमारे १४ पैसे. म्हणजे डॉलर वर जाणार म्हणून एक लॉट घेऊन बसलात आणि महिनाभर रुपया जागचा हललाच नाही, तरी १४० रुपये गेले. 'रुपया तर घसरतच असतो, डॉलर घेऊन ठेवला की झालं' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट कळतच नाही. रुपयाची सरासरी घसरण बाजाराने आधीच भावात धरलेली असते. त्यापेक्षा जास्त घसरला तरच घेणाऱ्याच्या पदरात काही पडतं.

रेपोरेट
खर्चाआधी कायदा पाहा. ५० हजारवाल्याचा प्रश्न खरं तर तिथेच सुटतो.

डॉलर-रुपया फ्युचर्स एनएसईवर ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले. २०१० मध्ये युरो, पौंड, येनचे करार आणि डॉलरचे ऑप्शन्स (ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याचा हक्क देणारे करार) आले. इतकी वर्षं हजारो लोक निव्वळ सट्टा म्हणून त्यात उतरत होते. मग ५ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. ते ५ एप्रिलपासून लागू व्हायचं होतं, ते ३ मे २०२४ वर ढकललं गेलं. त्यातलं म्हणणं असं : रुपयाचा समावेश असलेल्या करारात उतरायचं तर तुमची परकीय चलनातली ठरलेली देणी किंवा येणी असली पाहिजेत. सर्व एक्स्चेंज मिळून १० कोटी डॉलरपर्यंत कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत. पण देणं-घेणं खरोखर असावं लागतं, आणि तेच देणं-घेणं दुसऱ्या कुठल्या कराराने आधीच हेज केलेलं (भावाच्या जोखमीपासून बांधलेलं) नसावं.

रिझर्व्ह बँकेचं म्हणणं असं की नियम बदललेला नाही, मूळची चौकट हीच होती. बाजाराने मात्र तो वेगळा वाचला होता. एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ब्रोकरांनी ग्राहकांकडे घोषणापत्रं मागितली, नाहीतर सौदे बंद करा म्हणून सांगितलं. ऑप्शन्स विकून बसलेल्यांना त्या दिवसांत मिळेल त्या भावात बाहेर पडावं लागलं. त्यानंतर उलाढाल आटली ती आटलीच. आजच्या भावापासून दूरच्या स्ट्राइकवर (ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावावर) आज समोर भाव लावणारा माणूसच नसतो. हिशेबनीसांनी एक पैशाचं अंतर धरलंय, ते चालू महिन्याच्या फ्युचरला ठीक आहे. ऑप्शनला धरू नका.

दादर_पूर्व
घोषणापत्रावर टिक केली की अ‍ॅप सौदा घेतं. कागद कोणी मागत नाही. मग प्रत्यक्षात अडचण काय?

रेपोरेट
कागद आज मागत नाहीत. उद्या मागितले तर काय दाखवणार, हा विचार टिक करण्याआधी करायचा. खोट्या घोषणापत्राची जबाबदारी ब्रोकरवर येत नाही, सही करणाऱ्यावर येते. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) कलम १३ मध्ये रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. दहा लॉटचा सौदा म्हणजे साडेआठ लाख. त्याच्या तिपटीचा नुसता अंदाज केला तरी महिन्याला दोन हजार मिळवायची हौस फिटते. एखादा सुटेलही. पण सुटण्याची शक्यता हे काही भांडवल नव्हे, आणि कोणाला तसा सल्ला देणंही बरोबर नाही.

अरुंधती_ठाणे
आता संध्याकाळी सातनंतरच्या वेळेबद्दल. एनएसईवर डॉलर-रुपया सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालतो. अमेरिकेची नोकऱ्यांची आकडेवारी बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येते, आपल्या घड्याळात उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला आणि हिवाळ्यात ७ ला. तेव्हा आपला बाजार बंद असतो. शुक्रवारी रात्री जे घडतं ते सोमवारी ९ ला एका उडीत भावात येतं. तुम्ही डॉलर विकून बसलात, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच लावलेली ऑर्डर) ८५.३० ला असेल आणि बाजार ८५.६० ला उघडला तर सौदा ८५.६० लाच सुटतो. म्हणजे नोकरदाराला दिवसा बघायला वेळ नाही आणि वेळ असतो तेव्हा बाजार नाही. लोकलमध्ये उभ्याने सौदा सांभाळता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्रवासात नेटवर्क किती वेळ जातं ते एकदा मोजावं.

परदेशी अ‍ॅप्स नेमकी याच फटीत शिरतात. 'चोवीस तास, रात्रीही ट्रेड करा, शंभर डॉलरपासून सुरुवात.' त्या शंभर डॉलरचं काय होतं ते पाहू.

तिथला पूर्ण लॉट १ लाख युरोचा. ०.१ लॉट म्हणजे १०,००० युरो, आणि एका पिपला (भावातल्या ०.०००१ च्या चालीला) १ डॉलर. १:५०० लिव्हरेजवर (मार्जिनच्या ५०० पट सौदा) त्याला बावीसेक डॉलर मार्जिन पुरतं, म्हणून १०० डॉलरच्या खात्यात तो सहज बसतो. स्प्रेड (घेण्या-विकण्याच्या भावातलं अंतर) दीड पिप धरा. सौदा उघडताक्षणी दीड डॉलर उणे. रात्री दहा सौदे केले तर १५ डॉलर स्प्रेडमध्येच गेले, म्हणजे खात्याचे १५ टक्के, एकाही सौद्यात चूक न करता. युरो-डॉलर साध्या दिवशी ५०-६० पिप हलतो. तेवढी चाल एकदा उलटी गेली की अर्धं खातं साफ. सौदा रात्रभर ठेवला तर स्वॅप (रात्रीपुरतं व्याजाचं शुल्क) लागतो आणि बुधवारी रात्री तो तिप्पट, कारण शनिवार-रविवारचा त्यातच धरतात.

यात आणखी एक गोम आहे. अशी अनेक अ‍ॅप्स तुमचा सौदा बाहेरच्या बाजारात नेतच नाहीत, समोरची बाजू स्वतःच घेतात. तुमचा तोटा हा त्यांचा नफा. डेमो खात्यात सगळं गुळगुळीत चालतं, कारण तिथे स्लिपेज (मागितल्यापेक्षा वाईट भावात सौदा होणं) नसतं. खऱ्या खात्यात बातमीच्या मिनिटाला दीड पिपचा स्प्रेड पंधरावर गेला की स्टॉपलॉस आपोआप लागतो, चार्टवर भाव तिथे पोचलेला दिसत नसला तरी.

मुलुंडकर
स्टॉपलॉसवर जास्त भरवसा ठेवणाऱ्यांनी १५ जानेवारी २०१५ बद्दल वाचावं. स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक सोडली. काही मिनिटांत भाव एकाच्या खाली गेला. १.१९९० ला लावलेले स्टॉप त्याच्या कितीतरी खाली सुटले, कारण मध्ये घेणारा कोणी नव्हताच. अनेक खाती शून्याच्या खाली गेली, म्हणजे ठेव गेली आणि वर ब्रोकरचं देणं झालं.

गिरणगाव
क्लासमध्ये सांगतात की एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, त्यामुळे परदेशी अ‍ॅप कायदेशीर आहे. हे कितपत खरं?

रेपोरेट
खोटं आहे. एलआरएसची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, इथपर्यंत बरोबर. पण त्याखाली परदेशात मार्जिन भरण्यासाठी किंवा चलनाच्या सट्ट्यासाठी पैसे पाठवायला परवानगी नाही. निवासी भारतीयाने परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत व्यक्तीशी, फेमाने मान्य केलेल्या कारणासाठी करायचा. इलेक्ट्रॉनिक असेल तर रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ नावांची अ‍ॅलर्ट लिस्ट काढली. पुढे त्यात भर पडत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असाही अर्थ काढू नका. परवानगी असलेल्यांची यादी वेगळी आहे, ती बघायची. 'आमच्याकडे सायप्रसचा परवाना आहे', 'मॉरिशसचा आहे', याला इथे अर्थ नाही.

अरुंधती_ठाणे
पैसे जातात कसे तेही लिहिते, कारण जास्त माणसं तिथे अडकतात. कार्डावर बँक अडवते, म्हणून अ‍ॅप यूपीआयचा क्यूआर देतं. तो क्यूआर दर वेळी वेगळ्या नावाचा असतो : कुठलं तरी किराणा स्टोअर, कुठली तरी ट्रेडिंग कंपनी. ती भाड्याने घेतलेली खाती असतात. पैसे परत येतात तेही अशाच खात्यांतून, किंवा यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो चलन) विकून अनोळखी माणसाकडून. त्या साखळीत कुठेतरी फसवणुकीचा पैसा असला आणि कोणी तक्रार केली, की पोलीस माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठवलं जातं. पूर्वी सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १०२ लागायचं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १०६. खातं पगाराचं असेल तर घरभाड्यापासून मुलांच्या फीपर्यंत सगळं अडतं. पोलीस ठाणं बऱ्याचदा दुसऱ्याच राज्यातलं असतं, आणि तिथे सांगायचं काय? की जो व्यवहारच नियमात बसत नाही त्यातून हे पैसे आले?

दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅपवर नफा दिसतो, काढायला गेलं की '२० टक्के टॅक्स आधी भरा' असा संदेश येतो. आयकर असा अ‍ॅपकडे कधीच भरायचा नसतो. हा संदेश आला की एक रुपयाही पाठवू नका. चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक जमा करा आणि ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. अ‍ॅपची माहिती रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही टाकता येते.

भांडुपकर
दोन्ही बाजूंनी दारं बंद असं चित्र दिसतंय. पण कौशल्य असेल तर? जगभर माणसं यातून कमावतातच ना?

हिशेबनीस
कमावतात, आणि कोण कमावतं ते पाहणं महत्त्वाचं. बँकांच्या डीलिंग रूमला आयातदार-निर्यातदारांच्या ऑर्डर आधी दिसतात, त्यांचा स्प्रेड आपल्यापेक्षा कितीतरी कमी आणि दलाली नगण्य. रुपयात तर रिझर्व्ह बँक स्वतः उतरते. त्यामुळे रुपया महिनोन्महिने अरुंद पट्ट्यात चिकटून बसतो आणि मग एखाद्या आठवड्यात रुपया-दीड रुपया सरकतो. चिकटलेल्या काळात ऑप्शन विकून थोडंथोडं मिळतं, लोकांचा विश्वास बसतो, लॉट वाढतात, आणि सरकण्याच्या आठवड्यात सहा महिन्यांची मिळकत दोन दिवसांत जाते.

युरोपच्या नियामकाने, एस्माने, २०१८ मध्ये सीएफडीवर (फक्त भावातल्या फरकावरचे सौदे, परदेशी अ‍ॅपवरचं फॉरेक्स बहुधा याच प्रकारचं) बंधनं घातली तेव्हा दिलेला आकडा असा : ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात. मुख्य चलनांसाठी त्यांनी लिव्हरेज ३०:१ वर आणून ठेवलं. इथे आपण ५००:१ बद्दल बोलतोय. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास इक्विटी एफ अँड ओचा (शेअरबाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचा) आहे, करन्सीचा नाही, हे सांगून तोही देतो : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात.

समजा कोणी उरलेल्यांतला आहे आणि ५० हजारांवर खर्च जाऊन वर्षाला २० टक्के मिळवतो. हे फार चांगलं झालं. तरी रक्कम १० हजार. फ्युचर्सचं उत्पन्न व्यवसायाचं धरतात, आयटीआर-३ भरावा लागतो, आणि सीएची फी त्यातूनच जाणार. वर्षभर रोज स्क्रीनपुढे बसून हातात किती राहिलं? म्हणून भांडुपकर, कौशल्याला माझा विरोध नाही. एवढ्या लहान भांडवलावर ते कौशल्य वापरण्याचा मोबदला मिळत नाही.

पार्लेकर
एक बाजू राहतेय. ज्यांच्याकडे खरंच डॉलरचं देणं आहे त्यांना हाच बाजार उपयोगी आहे, आणि नेमके तेच याकडे फिरकत नाहीत. मुलीला अमेरिकेत प्रवेश मिळालाय, विद्यापीठाचं फीचं बिल हातात आहे, २०,००० डॉलर १० सप्टेंबरला भरायचे आहेत आणि आज जून आहे. डॉलर तीन रुपयांनी चढला तर ६० हजार जास्त लागणार. एनएसईवर सप्टेंबरचे २० लॉट घेऊन हे बांधता येतं.

मार्जिन साधारण ४५ हजार. शेअर किंवा म्युच्युअल फंड तारण ठेवूनही मार्जिन मिळतं, पण रोजचा तोटा रोखीतच भरायचा असतो. नेमकं तिथे लोकांचं चुकतं. डॉलर एक रुपयाने उतरला की २० हजार खात्यातून जातात. फी तेवढीच स्वस्त झालेली असते, म्हणजे एकूण नुकसान नाही, पण ती स्वस्ताई सप्टेंबरमध्ये हाती येणार आणि पैसे आज द्यायचे. रोकड नसेल तर ब्रोकर सौदा कापतो आणि नंतर डॉलर चढला की दोन्हीकडून मार. म्हणून मार्जिनशिवाय किमान ४०-५० हजार बाजूला ठेवूनच यात उतरावं.

दुसरं, या करारात डॉलर हातात मिळत नाहीत. फरक रुपयात मिळतो. डॉलर बँकेकडूनच घ्यायचे, आणि बँकेचा टीटी सेलिंग दर (परदेशी पाठवायचे डॉलर बँक ज्या भावाला विकते तो) बाजारापेक्षा वर असतो. तो फरक फ्युचरने भरून निघत नाही, त्यासाठी शाखेत घासाघीस करा किंवा क्लिअरकॉर्पच्या एफएक्स-रिटेल प्लॅटफॉर्मची चौकशी करा, तो २०१९ पासून चालू आहे. ज्या तासात बँकेतून डॉलर घेतले त्याच तासात फ्युचर विकायचा. 'डॉलर अजून चढतोय, दोन दिवस थांबू' म्हटलं की हेज संपला आणि सट्टा सुरू झाला.

अरुंधती_ठाणे
छान. उलट बाजूने, सीप्झमधला (अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातला) छोटा निर्यातदार किंवा परदेशी ग्राहकाकडून बिलाचे डॉलर येणारा फ्रीलान्सर फ्युचर विकतो. मुलुंडकरांनी सांगितलेला प्रीमियम त्याच्या बाजूने पडतो. बिल मात्र आधी दिलेलं असावं आणि रक्कम ठरलेली असावी. 'येतील बहुतेक' अशा पैशांवर विकू नये.

भांडुपकर
पार्लेकर, एक शंका. सप्टेंबरचा करार महिनाअखेरपर्यंत ठेवला आणि तोवर बँकेतून डॉलर घेतलेच नाहीत, तर शेवटच्या दिवशी कुठला भाव लागतो? आणि फी २०,५०० असेल तर लॉट किती?

पार्लेकर
महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी, दुपारी साडेबाराला करार संपतो. तुम्ही स्क्रीनवर शेवटचा पाहिलेला भाव लागत नाही, त्या दिवशीचा एफबीआयएलचा (असे दर जाहीर करणाऱ्या संस्थेचा) संदर्भ दर लागतो. तो साडेअकरा ते साडेबाराच्या मधल्या कुठल्या तरी १५ मिनिटांच्या व्यवहारांवरून काढतात, आणि कुठली १५ मिनिटं ते आधी कळत नाही. त्यामुळे शेवटपर्यंत बसलात तर पाच-दहा पैशांची तफावत धरून चाला. फी पुढे गेली असेल तर दोन-तीन दिवस आधीच सप्टेंबरचा विकून ऑक्टोबरचा घ्या. शेवटच्या सकाळी दोन्हींतलं अंतर ताणलं जातं.

२०,५०० ला २० लॉट. वरचे ५०० उघडे राहू द्या. २१ घेतलेत तर त्या शेवटच्या लॉटमधल्या अर्ध्या भागामागे कुठलंही देणं नसतं.